गुंजनच्या हातानं कोण बोलत होतं?

गुरुवारी दुपारी आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसायची. चपलांचा ढीग थेट नालीपर्यंत यायचा. आर्वीहून, देवळीहून, पार कारंज्याकडून माणसं यायची. कुणी एसटीनं बोरगाव मेघेच्या फाट्यावर उतरायचं, कुणी गावच्या गाव मिळून गाडी करून यायचं. अनुप भाजीवाल्याच्या अंगणात हिरव्या जाळीचा मांडव घातला होता आणि मांडवात लाल गादीच्या खुर्चीवर त्याची तेरा वर्षांची मुलगी बसलेली असायची. तिचं नाव गुंजन. जन्मल्यापासून तिच्या तोंडून एकही शब्द आला नव्हता.

आणि आता ती बोलत होती.

तिच्यासमोर मुळाक्षरं आणि बाराखडी लिहिलेला मोठा पुठ्ठा ठेवलेला असे. तिची आई कोकिळा शेजारी बसून तिचं उजवं मनगट धरायची. माणूस प्रश्न विचारायचा, आणि गुंजनचं बोट एकेका अक्षरावर जाऊन टेकायचं. कोकिळा ती अक्षरं मोठ्यानं वाचायची.

एका गुरुवारी सुलोचनाबाई नावाची एक म्हातारी पुढं आली. पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "माय, माया पोरगा सुरतले गेलता कामाले. दोन वर्षं झाले, फोन नाई, चिठ्ठी नाई. जित्ता हाये का नाई, येवढंच सांग."

बोट फिरलं. आ. हे. मग थोडं थांबून, ये, ई, ल.

"बोलली व माय, बोलली!" मांडव गरजला. सुलोचनाबाईनं खुर्चीच्या पायाशी डोकं टेकवलं.

मग हा दरबार भरवणारे भैय्याजी उठले. पांढरा झब्बा, कॉलरला माइक, बोटांत अंगठ्या. "देखिए, ये अंधश्रद्धा नहीं, ये विज्ञान है! माणसाच्या मेंदूत दोन वायर असतात. एक जिभेची, एक आत्म्याची. या कन्येची जिभेची वायर परमात्म्यानं कट केली. काऊन? कारण पूरा करंट आत्म्याच्या वायरला पाहिजे होता! नासावाले हैराण आहेत. पाहून गेले."

"नासावाले कवा आलते जी?" मागून कुणीतरी विचारलं.

"सूक्ष्म रूपानं आलते," भैय्याजी म्हणाले, आणि लोकांनी माना डोलावल्या.

मी रीना उईके. वर्ध्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. माझं घर अनुपच्या घरासमोरच आहे. गुंजन चार वर्षांची असल्यापासून माझ्या ओसरीत येऊन बसायची. ती नजरेला नजर देत नसे, हाक मारली तर वळत नसे, पण पाण्याची मोटर सुरू झाली की टाळ्या वाजवायची. तिला अधूनमधून फिट यायची. सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या गोळ्यांनी ती बरीच आटोक्यात होती.

सहा महिन्यांपूर्वी आर्वीत भैय्याजींचं 'मौनवाणी शिबिर' झालं. कोकिळा गुंजनला घेऊन गेली. भैय्याजींनी मुलीचं मनगट तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "माते, तू फक्त आधार दे. बोलेल ती." आणि पहिलं वाक्य आलं: आई, मी इथंच आहे.

ते सांगताना कोकिळा माझ्या ओसरीत बसून ढसढसा रडली होती. तेरा वर्षं जिच्याशी एकटीनंच बोलत राहिली, तिनं उत्तर दिलं होतं. ते खरं असावं असं मलाही मनापासून वाटलं.

म्हणूनच मी मांडवात जाऊन बसले, आणि लोक पुठ्ठ्याकडे पाहत असताना गुंजनच्या डोळ्यांकडे पाहत राहिले. ते पुठ्ठ्यावर नव्हतेच. ती जाळीतून येणाऱ्या उन्हाच्या ठिपक्यांकडे पाहत होती. न पाहता एका बोटानं नेमक्या अक्षरावर टेकणं कुणालाही जमत नाही, आपल्यालाही नाही. पुठ्ठ्यावर डोळे होते ते कोकिळेचे. मधूनच गुंजन हात मागं ओढायची, तोंडानं घुं घुं करायची. तेव्हा भैय्याजी माइकवर म्हणायचे, "देवी नाराज झाली. प्रश्न बदला."

आणखी एक गोष्ट होती. दर्शनाला येणारा प्रत्येक जण आधी भैय्याजींपाशी बसून सगळं रडगाणं सांगायचा. मग भैय्याजी कोकिळेच्या कानाशी वाकून, "माते, या दुखियाला सांभाळून घ्या, हिचा मुलगा हरवलाय," असं म्हणायचे. आणि दुसऱ्या कुणालाही मुलीचं मनगट धरू द्यायचे नाहीत.

पण मला जे दिसलं तो संशय होता, पुरावा नव्हता. हा फरक मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आले आहे.

मी कोकिळेशी बोलायचं ठरवलं त्याच आठवड्यात अनुपनं मला त्याच्या भाजीच्या टेम्पोपाशी थांबवलं. "मॅडम, गुंजनच्या गोळ्या बंद केल्या आमी."

"कुणी सांगितलं?"

"तिनंच. लिवून दाखोलं. गोळी नको, गोळीनं माझा आवाज दबतो, असं."

मी तशीच त्यांच्या घरी गेले. कोकिळा भाकरी थापत होती. मी म्हणाले, "फिटच्या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात. जीव जाईल पोरीचा."

तिनं हात थांबवले नाहीत. "मॅडम, तुमी पुस्तकं वाचता. माही पोरगी सोता सांगून राह्यली. गोळी खाल्ली का दिवसभर गुंगीत राह्यते, हे मी पायलं नाई का? तिचं ऐकू का तुमचं?"

"एकदा तपासून पाहू या का, की ते खरंच ती..."

"माया लेकीची परीक्षा घेता?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "तेरा वर्षं सगये म्हणत होते तिले काई समजत नाई. आता ती बोलते, तर तुमाले पुरावा पायजे!"

अनुप दारात उभा होता. तो नुसता म्हणाला, "मायलेकीच्या मधात मी काय बोलू?"

पुढच्याच गुरुवारी भर मांडवात गुंजन खुर्चीवरून खाली कोसळली. अंग ताठ झालं, डोळे फिरले, हातपाय आपटायला लागले.

"देवी आली! अंगात आली!" कुणीतरी ओरडलं. हळद-कुंकू उधळलं गेलं. बायका हात जोडून घुमायला लागल्या. भैय्याजींनी दोन्ही हात पसरून गर्दी रोखली. "कोई छुएगा नहीं! पूर्ण संचार होऊ द्या!"

मी घरातून धावत आले, पण माणसांच्या भिंतीतून आत शिरता येईना. ढकलत, ओरडत मी पुढं गेले तेव्हा गुंजनचे ओठ निळे पडले होते आणि तोंडात कुंकू गेलं होतं. मी तिला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं. "अनुप, गाडी काढ!" फिट थांबत नव्हती. एक ओसरायची की दुसरी सुरू व्हायची. भाजीच्या गाडीत, कांद्याच्या पोत्यांवर तिला आडवी घेऊन आम्ही सेवाग्रामला पोचलो, तरी ती आपटतच होती.

ती वाचली. पण घरी आली ती वेगळीच मुलगी होती. आधी ती स्वतः जिना चढायची, हातानं पेला धरून पाणी प्यायची. आता तिची मान एका बाजूला लवंडायची आणि डावा पाय फरफटत यायचा. मोटर सुरू झाली तरी टाळी वाजत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, झटके फार वेळ चालले, मेंदूला इजा झाली आहे, किती भरून येईल ते आज सांगता येणार नाही. आणि गोळ्या आता एक दिवसही चुकवायच्या नाहीत.

दोनच दिवसांनी, दुपारी, कोकिळा माझ्या दारात आली. चेहरा राखेसारखा झाला होता.

"मॅडम, गोळी द्याच्या आधी मी तिले इचारलं. मनगट धरलं. तिनं लिवलं, गोळी नको."

ती उंबऱ्यावर टेकली.

"मंग मी तशीच बसून राह्यली हात धरून. बोट चालून राह्यलं होतं. लिवलं, आई तू थकली, आई तुले आराम पायजे. मले रडू आलं. मी तिच्या तोंडाकडं पायलं. मॅडम, पोरगी झोपली होती. डोये मिटेल होते, घोरत होती. अन् हात लिवून राह्यला होता."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "तुमी म्हणत होत्या ना तपासू म्हणून. तपासा. पण लोकाईसमोर नाई."

"लोकांसमोर मुळीच नाही," मी म्हणाले. "आणि गुंजननं अंग चोरलं, हात ओढला, तर त्या क्षणी थांबायचं. आजची गोळी मात्र आत्ता दे. तपासणी होईपर्यंत डॉक्टरांचं ऐकायचं. कबूल?"

तिनं मान डोलावली.

संध्याकाळी त्यांच्याच स्वयंपाकघरात आम्ही बसलो. कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा मायलेकींच्या मध्ये उभा केला, खाली फक्त हात जाईल एवढी फट ठेवली. अक्षरांचा पुठ्ठा कोकिळेला आणि गुंजनला, दोघींनाही दिसेल असा ठेवला. घरातल्या, गुंजनच्या रोजच्या ओळखीच्या वस्तू घेतल्या: चमचा, कंगवा, कांदा, चप्पल, कुलूप. अनुप आतल्या खोलीत जाऊन नाणं उडवणार. छापा आला तर दोघींना एकच वस्तू दाखवायची, काटा आला तर वेगवेगळी. कोकिळेची वस्तू पिशवीत घालून तिच्या मांडीवर, गुंजनची पुठ्ठ्यापलीकडं तिच्या हातात देऊन त्यानं पुन्हा आत जायचं. मी अशा कोपऱ्यात बसले की मला दोन्ही दिसू नयेत.

"तुमाले काऊन दिसू नये?" अनुपनं विचारलं.

"मला माहीत असलं तर माझ्या तोंडावर उमटेल. मला जे उत्तर हवंय ते मी नकळत सुचवीन. मीही माणूसच आहे."

सुरू करण्याआधी मी कोकिळेला म्हणाले, "आधीच ठरवून ठेवू, म्हणजे नंतर कुणाला पळवाट नको. गुंजनच्या हातातली वस्तू लिहिली गेली, तर मी चुकले. मी स्वतः मांडवात उभं राहून तसं सांगीन. आणि तुझ्या पिशवीतली लिहिली गेली तर?"

कोकिळा पिशवीकडे पाहत राहिली. "तर मंग गोळी देईन. रोज देईन."

पहिली वस्तू आली. बोट फिरलं. चमचा. अनुप आतून म्हणाला, "दोघीले चमचाच होता." कोकिळेचा चेहरा उजळला.

दुसऱ्या वेळी बोटानं लिहिलं, कांदा.

"अनुप, सांग," मी म्हणाले.

"गुंजनच्या हातात कंगवा हाये. कांदा कोकिळेच्या पिशवीत."

आम्ही पुढं गेलो. वस्तू सारखी असली की उत्तर बरोबर यायचं. वेगळी असली की दर वेळी, एकदाही न चुकता, आईच्या पिशवीतली वस्तू लिहिली जायची. गुंजन कुलूप हातात धरून त्याची कडी चाटत होती आणि तिचं बोट 'चप्पल' लिहीत होतं.

कोकिळा म्हणाली, "तिले आज बरं नसंल. उद्या पुन्ना."

"जरूर," मी म्हणाले. "एकदा आलेल्या उत्तरावर मीही विसंबणार नाही. उद्या वस्तू तू निवड."

दुसऱ्या दिवशी तिनं गुंजनच्या सगळ्यात आवडीच्या वस्तू निवडल्या. निकाल तोच आला. शेवटच्या वस्तूनंतर तिनं गुंजनचं मनगट सोडलं आणि आपला हात असा दूर धरला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"मी खोटी नाई, मॅडम. देवाची आन. मी नाई लिवलं. मले कळत बी नव्हतं."

"मला माहीत आहे." मी अनुपला बोलावलं. त्याच्या बोटात दोरा देऊन दोऱ्याला अंगठी बांधली. "हात अजिबात हलवू नकोस. फक्त मनात म्हण, अंगठी दाराकडं जावी, खिडकीकडं जावी." थोड्याच वेळात अंगठी दाराकडून खिडकीकडं झोके घ्यायला लागली.

"मी नाई हालवून राह्यलो!" अनुप घाबरून ओरडला.

"तूच हलवतोयस. पण तुला कळत नाही. मनात आलं की हात इतका बारीक हलतो की आपल्यालाच पत्ता लागत नाही. कोकिळेचं असंच झालं. तिच्या मनात जे यायचं ते गुंजनच्या बोटातून बाहेर पडायचं. पोरगी दिवसभर गुंगीत असते म्हणून तिचा जीव तुटायचा, वर भैय्याजी रोज कानात ओतायचे की औषधानं वायर बंद होते. म्हणून बोटानं लिहिलं, गोळी नको."

कोकिळा हळूच म्हणाली, "मंग 'आई, मी इथंच आहे' हे कोण म्हणलं?"

मला उत्तर माहीत होतं. तिलाही होतं.

मग तीच म्हणाली, "ती हात ओढत होती ना, मॅडम? मांडवात. घुं घुं करत होती. आमी म्हणलो देवी रागावली. तेच तिचं बोलणं होतं. नको म्हणून राह्यली होती, अन् मीच तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं."

गुरुवारी मांडव पुन्हा भरला. देवीनं मृत्यूला परत पाठवलं, असं भैय्याजींनी गावोगाव कळवलं होतं. गर्दी दुप्पट होती. खुर्ची रिकामी होती. कोकिळा एकटीच आली आणि माइकशिवाय बोलायला लागली.

"पोरीले नाई आणली. आता आणणार बी नाई. ती कधीच बोलली नाई. मी बोलत होती, मले कळत नव्हतं."

भैय्याजी पुढं सरसावले. "मातेवर आघात झाला आहे, मन थाऱ्यावर नाही..."

"तुमी बसा," कोकिळा म्हणाली. तिनं सुलोचनाबाईंना हात धरून पुढं आणलं. "आजी, डोये मिटा. हात ढिला सोडा. काईच करू नका." तिनं म्हातारीचं मनगट धरलं, पुठ्ठ्यावर नजर लावली. म्हातारीचं बोट आ वरून हे वर गेलं, मग ये, ई, ल. अडखळलं नाही की चुकलं नाही. कोकिळा एकेक अक्षर मोठ्यानं वाचत गेली. "उघडा डोये. ऐकलं ना, तुमच्या हातानं तुमाले काय सांगतलं ते? तुमी लिवलं का?"

"मी नाई व माय," सुलोचनाबाई पुटपुटली.

"गुंजननं बी नव्हतं लिवलं."

मग म्हातारीला अर्थ उमगला. तिनं हात सोडवून घेतला आणि कोकिळेच्या थोबाडीत मारली.

"मंग माया पोरगा कुठी हाये? सांग! कुठी हाये तो?"

कोकिळा गाल न चोळता उभी राहिली. "मले नाई मालूम, आजी. मले कधीच मालूम नव्हतं."

लोक भैय्याजींवर चिडले नाहीत. ते कोकिळेवर चिडले. कुणी नाटकी म्हणालं, कुणी देवीला विकलं म्हणालं. जाताना जाळी फाडली. या गोंधळात भैय्याजी मागच्या दारानं निघून गेले. आता ते दुसऱ्या तालुक्यात दुसऱ्या एका मुक्या मुलाच्या आईला "फक्त आधार दे" म्हणतात, असं कानावर येतं. मी आणि अनुपनं पोलिसांत तक्रार दिली आहे. ती पुढं सरकते आहे, पण फार हळू.

सुलोचनाबाईंसोबत मी ठाण्यात जाऊन त्यांचा मुलगा हरवल्याची नोंद केली. दोन वर्षांत ती कुणी केलीच नव्हती. तो सापडेल की नाही, मला सांगता येत नाही.

गुंजन घरात असते. गोळ्या वेळेवर घेते. पाय अजून फरफटतो.

या लिखाणापायी मला शिव्या मिळतील, तरी सांगते. तुमच्या घरी न बोलणारं मूल असेल आणि कुणी म्हणालं की ते बोलायला लागलं, तर आनंद जरूर माना, पण त्याच दिवशी तपासाही. मूल स्वतःच्या हातानं, कुणी न धरता बोट ठेवत असेल, तर त्याचं म्हणणं ऐका. त्याचा हात दुसऱ्यानं धरलेला असेल, तर मुलाला अशी गोष्ट दाखवा जी धरणाऱ्याला माहीत नाही, आणि मग विचारा. तपासणाऱ्यालाही उत्तर माहीत नसू द्या. काय आलं तर काय मानायचं, हे आधी ठरवा. चुकलेली उत्तरं बरोबर आलेल्यांइतकीच मोजा. पुन्हा करून पाहा. यात देवाचा अपमान नाही आणि आईच्या मायेचाही नाही. आणि कोणत्याही वाणीच्या, स्वप्नाच्या, संचाराच्या सांगण्यावरून फिटची गोळी बंद करू नका.

फिट आलेल्या माणसाला कुशीवर वळवा, गर्दी हटवा, आणि दवाखान्यात न्या.